सुट्टी सगळ्या घराची असावी

मे महिन्यातल्या किंवा भर पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास वाघबीळपासून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची जी रांग लागते, ती पाहून कोल्हापुरात दोन प्रकारची मते ऐकू येतात. काहींना त्यात जिल्ह्याच्या पर्यटनाची भरभराट दिसते, तर काहींना गडाची विटंबना. दोघांचेही लक्ष रांगेतल्या माणसांकडे असते. रांगेत नसलेल्यांचा विचार फारसा कोणी करीत नाही. ज्या घरी मोटार नाही, ज्या घरातल्या कर्त्या माणसाला पगारी रजा ठाऊक नाही, ज्या घरातले आजी-आजोबा ‘तुम्ही जाऊन या, आम्ही आहोत घर राखायला’ असे म्हणून मागे थांबतात, त्या सगळ्यांना आपल्या सहलीच्या चर्चेत जागा नसते. आणि मोटारीत बसूनही जिला त्या दिवशी सुट्टी मिळालेलीच नसते, त्या घरातल्या बाईलाही नसते.

कोल्हापूरकर घरच्यांना आणि मित्रांना घेऊन बाहेर पडू लागले, हे मला मनापासून चांगले वाटते. वर्षभर राबणाऱ्या माणसाने दोन दिवस डोंगर पाहावा, पोरांबरोबर ओढ्यात पाय सोडून बसावे, जुन्या मित्राशी रात्री उशिरापर्यंत बोलावे, यात चैन किंवा उधळपट्टी काहीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की सहलीची सोय ही प्रत्येक घराच्या ऐपतीवर सोडून देण्याची गोष्ट नव्हे. शाळा, बाग, वाचनालय, क्रीडांगण यांची जबाबदारी समाजाने उचलली, तशी सामान्य घराला परवडेल अशा मुक्कामाची आणि प्रवासाची जबाबदारीही त्याने उचलायला हवी. निदान कोल्हापूर जिल्ह्यात तरी त्यासाठी फार मोठे काही नव्याने बांधावे लागणार नाही.

सुट्टीचा प्रश्न सहलीच्या आधी येतो, म्हणून तो आधी घेतो. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑन ब्लूम यांच्या सरकारने सर्व कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. पण नुसती रजा देऊन भागणार नाही, कारण पैसा नसलेला माणूस रजेतही घरीच बसेल, हे त्या सरकारच्या ध्यानात होते. म्हणून त्याच उन्हाळ्यात कामगारांच्या कुटुंबांसाठी रेल्वेच्या तिकिटात चाळीस टक्के सवलत देण्यात आली आणि ज्यांनी आयुष्यात कधी समुद्र पाहिला नव्हता अशी घरेच्या घरे किनाऱ्याला जाऊन आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी रजेचा करार संमत केला. पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांती, फुरसत आणि ठरावीक काळाने मिळणारी पगारी सुट्टी हा प्रत्येकाचा हक्क म्हणून नोंदवला गेला.

आपल्याकडे कायदे नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने आठवड्याची सुट्टी, सणांच्या आठ सुट्ट्या, आठ किरकोळ रजा आणि त्याखेरीज साठवता येणारी अर्जित रजा दिली. मात्र हा कायदा करतानाच तो दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांपुरता ठेवला गेला. आपल्या बाजारपेठेतल्या कापडाच्या, किराण्याच्या, भांड्यांच्या दुकानांत दोन-चार नोकरांवर काम चालते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ठेकेदाराकडून येणारा कामगार खाडा झाला की हजेरी बुडते एवढेच जाणतो. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार कापडाच्या मीटरवर मजुरी घेतो, त्यामुळे माग थांबला की मजुरी थांबली. चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या मावशींना मालकीण सहलीला गेली म्हणजे सुट्टी मिळते, पण त्या दिवसांचा पगार पुष्कळ घरी कापलाही जातो. शेवटची गोष्ट तर पूर्णपणे आपल्या हातातली आहे. आपण चार दिवस तारकर्लीला जाणार आणि त्या चार दिवसांचे पैसे मावशींच्या पगारातून वजा करणार, हे सरळसरळ अन्यायाचे आहे. वर्षातून आठवडाभराची भरपगारी सुट्टी त्यांना द्यायला कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

इथे आणखी एक नोंद करायला हवी. पक्क्या नोकरीतल्या माणसाच्या सहलीला सरकार पूर्वीपासून हातभार लावत आले आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळते. खासगी नोकरदारांना जुन्या करप्रणालीत चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांच्या भाड्यावर आयकरात सूट मिळत आली. म्हणजे सहल ही सार्वजनिक पैशाने साहाय्य करण्याजोगी गोष्ट आहे, हे तत्त्व मान्य झालेलेच आहे. फक्त ते साहाय्य ज्याला नोकरी आहे, रजा आहे आणि कर भरण्याइतके उत्पन्न आहे, त्याच्यापाशी येऊन थांबते.

आता घराच्या आत पाहू. कोल्हापूरच्या आसपास मित्रांच्या सहलीचा एक अस्सल प्रकार आहे, तो म्हणजे रस्सा मंडळ. तालमीतले, गल्लीतले, एका खात्यात काम करणारे वीस-पंचवीस जण वर्गणी काढतात आणि नदीकाठच्या कुणाच्या तरी मळ्यात किंवा एखाद्या धरणाच्या वरच्या अंगाला जमतात. तीन दगडांची चूल मांडली जाते. एक जण मटण धुऊन हळद-मीठ लावून शिजत घालतो, दोघे कांदे चिरायला बसतात, कोणी सुके खोबरे भाजून तीळ-खसखशीचे वाटण करतो. कांदा-लसूण चटणी केव्हा आणि किती घालायची यावर दोन जाणत्यांचा वाद रंगतो. तांबडा वेगळा, पांढरा वेगळा, आणि दोन्हींच्या चवीबद्दलचा अभिमान तर विचारूच नये. जेवणे झाल्यावर पातेली घासण्याचे कामही हीच मंडळी नदीच्या वाळूने करतात. मला हा प्रकार फार आवडतो. त्यात पैशाचा दिमाख नाही. कामाची वाटणी आपसूक होते आणि शिक्षक, रिक्षावाला व फाउंड्रीतला मोल्डर एका पंगतीला बसतात.

पण हेच पुरुष घरच्यांना घेऊन सहलीला निघतात तेव्हा काय होते? आदल्या रात्री घरातली बाई दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दहीभात अशी तयारी करून उशिरा झोपते आणि पहाटे सर्वांच्या आधी उठते. कपड्यांच्या पिशव्या, लहानग्याचे औषध, सासूबाईंची गोळी, पाण्याच्या बाटल्या, चादर, हे सारे तिच्या ध्यानात असावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. गडावर पोचल्यावर वाढणे, आवरणे, डबे पुसून परत भरणे तिच्याकडे असते. संध्याकाळी घरी परतल्यावर बाकीचे ‘दमलो बुवा’ म्हणून अंग टाकतात तेव्हा ती रात्रीच्या भाताचा कुकर लावते. शंभर माणसांचा रस्सा करण्याची धमक असलेल्या माणसाला त्या दिवशी चहासुद्धा हातात लागतो. त्याला स्वयंपाक येत नाही, ही सबब कोल्हापुरात तरी कोणी सांगू नये.

हे केवळ घराघरातल्या समजुतीचे प्रकरण आहे, असे म्हणून मला ते सोडून देता येत नाही. पुष्कळ घरांना वाटेत किंवा मुक्कामी बाहेरचे जेवण परवडत नाही, म्हणून डबे घ्यावे लागतात. मुक्कामच परवडत नाही, म्हणून एका दिवसात जाऊन यावे लागते. एका दिवसात जायचे म्हणून पहाटे उठावे लागते आणि ‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ म्हणून पन्हाळा, जोतिबा आणि परतताना आणखी एखादे ठिकाण अशी धावाधाव होते. स्वस्त मुक्काम आणि साधे ताजे जेवण उपलब्ध असेल, तर घरातल्या बाईच्या वाट्याला सुट्टी येण्याची शक्यता कितीतरी वाढते. त्यामुळे तिच्या विश्रांतीचा विचार करणाऱ्याला सार्वजनिक सोयींचाही विचार करावा लागतो.

स्वच्छतागृहांचा प्रश्नही याच माळेतला आहे. प्रवासाला निघालेल्या बायका सकाळपासून पाणी पिणे टाळतात, हे आपल्या प्रत्येक घरात घडते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. घाटरस्त्यांवर दर दहा-पंधरा किलोमीटरला पाणी असलेले, कडी लागणारे आणि कोणीतरी दिवसातून चार वेळा धुणारे स्वच्छतागृह असणे, ही माझ्या मते कोणत्याही काचेच्या पुलापेक्षा किंवा सेल्फी पॉइंटपेक्षा अधिक मोठी पर्यटन सुविधा आहे.

पूर्वी सगळे छान होते, असा सूर मी लावणार नाही. मे महिन्यात मामाच्या गावी महिनाभर राहण्याच्या आठवणी काढताना त्या घरात रोज वीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या मामीला सुट्टी कधी होती, हे विचारायला आपण विसरतो. तरीही जुन्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे माणसे एकत्रितपणे, सार्वजनिक वाहनाने जात. मार्गशीर्षातल्या सौंदत्तीच्या यात्रेला आजही कोल्हापुरातून गल्लीच्या गल्ली प्रासंगिक करारावर एसटी ठरवून निघते; म्हातारी माणसे, तान्ही मुले, भांडीकुंडी सगळे एका गाडीत असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च कामगाराच्या घरालाही झेपतो. दुसरी गोष्ट धर्मशाळेची. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परक्या माणसाला रात्रीचा निवारा देणे हे या शहराने आपले काम मानले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची जी रांग उभी केली, तिच्यामुळे कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले गेले. खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात राहायला जागा मिळाली तरच शाळेचे दार त्याच्यासाठी उघडे आहे असे म्हणता येईल, हे महाराजांनी ओळखले होते. डोंगर, जंगल आणि गड यांनाही तेच लागू पडते. राहायला जागा नसेल तर दाजीपूरचे जंगल सर्वांसाठी खुले आहे या बोलण्याला अर्थ उरत नाही.

आणि जागा आहे. जिल्ह्यात घाटमाथ्यावर, धरणांच्या काठी, जंगलांच्या तोंडाशी सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि वन या खात्यांची विश्रामगृहे आहेत. त्यांतली जुनी विश्रामगृहे पाहिली म्हणजे बांधणाऱ्याच्या नजरेचे कौतुक वाटते. समोर दरी किंवा पाणी दिसेल अशी जागा निवडलेली असते. उंच कौलारू छप्पर, रुंद पडवी, मागच्या अंगाला वेगळे स्वयंपाकघर आणि खानसाम्याची खोली, आवारात आंब्या-फणसाची जुनी झाडे. एका खासगी रिसॉर्टला अशी जागा मिळवायला कोट्यवधी रुपये मोजावे लागतील. ही घरे दौऱ्यावर येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी बांधली गेली, तेव्हा त्यामागे खरे कारण होते. घोड्यावरून किंवा कच्च्या रस्त्याने जीपने येणाऱ्या अभियंत्याला धरणाची किंवा रस्त्याची पाहणी करून त्याच दिवशी कोल्हापूर गाठता येत नसे. आज गगनबावडा कोल्हापुरापासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि राधानगरीही साधारण तेवढ्याच अंतरावर. पाहणीला आलेला अधिकारी संध्याकाळी आपल्या घरी जेवायला पोचू शकतो. ज्या गरजेसाठी ही घरे उभी राहिली ती गरज पुष्कळशी संपली आहे, आणि ज्यांच्या पैशातून ती बांधली गेली त्या लोकांची गरज मात्र वाढली आहे.

नियमाने पाहिले तर खोली रिकामी असेल तेव्हा सामान्य माणसालाही ती मिळू शकते. परंतु त्यासाठी कोणाला भेटायचे, अर्ज कुठे द्यायचा आणि ऐन वेळी कोणी वरिष्ठ आले तर काय, हे ठाऊक नसल्यामुळे ओळख असलेल्याखेरीज कोणी त्या वाटेला जात नाही. माझी सूचना सरळ आहे. प्रत्येक विश्रामगृहातल्या निम्म्याहून अधिक खोल्या जनतेसाठी कायमच्या राखून ठेवाव्यात. तिन्ही खात्यांच्या खोल्यांचे आरक्षण एकाच ठिकाणी, मोबाइलवरून आणि तालुक्याच्या एसटी स्थानकावरच्या खिडकीवरूनही करता यावे. दर फलकावर लिहिलेला असावा आणि तो कामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आवाक्यात असावा. एकदा दिलेले आरक्षण कोणत्याही पदाच्या माणसासाठी रद्द होऊ नये. आणि स्वयंपाकघर गावातल्या महिला बचत गटाच्या हाती द्यावे. पन्हाळ्यावर तव्यावरची गरम भाकरी, झुणका, खर्डा आणि दही देणाऱ्या बायकांनी हे दाखवून दिले आहे की पाहुण्याला तृप्त करायला छापील मेनूकार्डाची गरज नसते. शहरातल्या बाईला सुट्टी आणि गावातल्या बाईला तिच्या स्वयंपाकाचे रोख पैसे, असा दुहेरी लाभ यात आहे. राज्याने २०२३ साली पर्यटनात महिलांना पुढे आणण्यासाठी ‘आई’ नावाचे धोरण आणले. त्यात महिला उद्योजकांच्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा आहे. कर्ज काढून हॉटेल उघडण्याची ताकद नसलेल्या बायकांसाठी तयार स्वयंपाकघर हे त्याहून जवळचे पाऊल ठरेल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की सरकारी मालमत्ता लोकांच्या हाती दिली की तिची वाट लागते. हा आक्षेप मला पटत नाही. नृसिंहवाडीसारख्या ठिकाणी भक्तनिवासात माफक दरात हजारो कुटुंबे राहून जातात. जिथे कायम जागेवर असणारा, नाव घेऊन विचारता येईल असा जबाबदार माणूस असतो, तिथे स्वस्त जागाही नीट राहते. उलट वापराविना पडून असलेली इमारत वाळवी आणि गळती यांच्या तावडीत लवकर सापडते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. आधीच गड आणि जंगले गर्दीने गुदमरली आहेत. सोयी वाढवल्या तर त्यांचे काय होईल? राधानगरी अभयारण्य हे २०१२ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या गेलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे. सुमारे ३५१ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात गवा आहे, दाट सदाहरित रान आहे, जांभ्याचे सडे आहेत. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. शिवाय पन्हाळा हा नुसता किल्ला नाही. जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीचे ते नांदते गाव आहे. तिथल्या लोकांना रविवारी आपल्याच दारातून बाहेर पडणे अवघड व्हावे, हे कोणालाच शोभणारे नाही.

पण या गर्दीचे स्वरूप पाहा. ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, अकरा ते पाच या वेळेत असते. मंगळवारी सकाळी तीन दरवाजापाशी तुम्हाला वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. आणि ती माणसांपेक्षा वाहनांची अधिक असते. चार माणसांमागे एक मोटार, तिला उभे राहायला जागा, वळायला जागा, आणि म्हणून रस्ता रुंद करण्याची मागणी. रस्ता रुंद करण्यासाठी डोंगर कापायचा आणि कापलेला डोंगर पावसात खचला की पुन्हा मलमपट्टी करायची. २०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला, तेव्हा हा डोंगर किती भार सोसू शकतो याची जाणीव सर्वांना झाली होती. ती टिकायला हवी होती.

उपाय आपल्याच राज्यात आहेत. माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी, घोड्यावरून किंवा छोट्या रेल्वेने जावे लागते, आणि तरीही लोक माथेरानला जायचे थांबले नाहीत. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालून आगाऊ नोंदणी सुरू झाली. पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाहनतळ करून तिथून दर दहा मिनिटांनी छोट्या बसगाड्या सोडाव्यात. गडावर राहणारे, वृद्ध, अपंग आणि रुग्णवाहिका यांना अर्थातच मोकळीक असावी. दाजीपूरच्या जंगलात दिवसाच्या वाहनांची मर्यादा काटेकोर पाळावी आणि गव्याला भोंगा ऐकवणाऱ्याला मोठा दंड करावा. मर्यादा घालण्याला माझा पाठिंबा आहे, फक्त ती दराने घातलेली नसावी. प्रवेश महाग करून गर्दी कमी करणे म्हणजे गरिबाला दारातून परत पाठवणे होय. नोंदणीने, वेळेच्या वाटपाने आणि मधल्या वारच्या मुक्कामाला अधिक सवलत देऊन तीच गर्दी आठवड्यावर पसरवता येते. विश्रामगृहांचे दर सोमवार ते गुरुवार निम्मे ठेवले, तर ज्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते अशा दुकानातल्या, हॉटेलातल्या आणि कारखान्यातल्या माणसांना त्याचा सर्वाधिक उपयोग होईल.

प्रवासाच्या बाबतीत तर अर्धे काम झालेलेच आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे तिकीट पूर्वीपासून अर्धे आहे. एका घराचा हिशेब करून पाहा: अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी फुकट, आई आणि आत्या अर्ध्या तिकिटात, दोन्ही मुले अर्ध्या तिकिटात, पूर्ण तिकीट एकट्या वडिलांचे. सहा माणसांच्या घराला तीन तिकिटांच्या पैशात गगनबावडा गाठता येतो. इतकी मोठी सवलत सरकार देते आणि तिचा उपयोग सहलीसाठी व्हावा अशी गाड्यांची वेळापत्रके मात्र कोणी आखत नाही. रंकाळा स्थानकावरून शनिवारी सकाळी सुटणारी आणि रविवारी संध्याकाळी परत आणणारी, विश्रामगृहाच्या आणि धबधब्याच्या फाट्यावर थांबणारी गाडी असेल, तर मोटार नसलेले घर निर्धास्तपणे बाहेर पडेल. सध्या शेवटची गाडी चुकली तर काय, या एका धास्तीपायी अनेक घरे निघतच नाहीत. ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासाची एसटीची योजना १९८८ पासून चालू आहे, हे नव्या पिढीतल्या कित्येकांच्या कानावरही आलेले नाही.

पावसाळी सहलींविषयी बोलताना जिवाचा प्रश्न येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातली पाच माणसे, त्यांत लहान मुलेही, पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. सहलीला आलेली ती माणसे होती. त्यानंतर ठिकठिकाणी बंदीचे आदेश निघाले, तसे ते दर पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातही निघतात. जिथे धोका टाळताच येत नाही तिथे बंदी जरूर असावी. पण सरसकट बंदीने माणसे थांबत नाहीत; ती नाका चुकवून, अधिक आडवाटेच्या आणि अधिक धोक्याच्या ओढ्याकडे वळतात. राऊतवाडीसारख्या धबधब्यांवर साखळदंडाचे कठडे, वरच्या भागात पाऊस वाढला की भोंगा, आणि गावातल्याच पोहणाऱ्या तरुणांना चार महिन्यांसाठी जीवरक्षक म्हणून मानधन, ही व्यवस्था एखाद्या स्वागतकमानीच्या खर्चात उभी राहू शकते. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी वरचा पाऊस दिसत नसताना काही मिनिटांत चढते, ही साधी माहितीसुद्धा शहरातून आलेल्या माणसाला नसते. ती गावातल्या गुराख्याला असते, आणि म्हणून जीवरक्षक गावचाच हवा.

मित्रांच्या सहलींबद्दल लोकांचा राग आहे आणि तो रास्त आहे. गडाच्या तटावर बाटल्या फोडणे, गाडीची डिकी उघडून कर्कश गाणी लावणे, झाडावर नावे कोरणे, हे गुन्हे आहेत आणि त्यांना गुन्ह्यासारखीच शिक्षा व्हावी. ज्या गडावरून १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज बाहेर पडले आणि ज्या वाटेवर बाजीप्रभूंनी प्राण दिले, त्या पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर दर जुलैमध्ये चिखल तुडवत, पावसात भिजत हजारो तरुण मुले-मुली चालतात. त्यांतली बहुतेक आपापल्या मित्रमैत्रिणींच्या गटानेच आलेली असतात. वाटेतल्या वाड्यांवरची माणसे त्यांना चहा आणि आमटी-भात देतात. मित्रांची सहल कशी असावी याचा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला जातो. बेताल गटांना बोल लावताना या मुलांना त्यांच्या पंक्तीला बसवू नये.

मैत्रिणींच्या सहलींना तर खास उत्तेजन मिळायला हवे. कोल्हापुरात भिशी घराघरांत आहे. दरमहा थोडे थोडे पैसे साठवून बारा-पंधरा बायका वर्षातून एकदा खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ आणि नृसिंहवाडी करून येतात किंवा कोकणात उतरतात. घरच्यांसाठी डबा न भरता, कोणाच्या गोळ्यांची वेळ न सांभाळता घालवलेला तो त्यांचा एकमेव दिवस असतो. त्या मुक्काम करीत नाहीत, कारण रात्री कुठे राहायचे याची खात्री नसते आणि खात्री नसली की घरून परवानगी मिळत नाही. सरकारी विश्रामगृहाची पावती हातात असेल, जेवण देणारी गावातलीच काकी असेल, तर ही अडचण बरीच हलकी होईल. सासूबाई आणि सून यांनी एकाच भिशीतून एकत्र जावे, इथपर्यंत गोष्ट पोचायला फार वेळ लागणार नाही.

राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणण्याचे उद्दिष्ट आहे. गुंतवणूक येवो, तिने रोजगारही वाढो. पण गुंतवणूकदार तिथेच खोली बांधेल जिथे तिला दिवसाचे पाच हजार मिळतील. पाचशे रुपयांची खोली बांधण्याचे त्याला कारण नाही आणि त्याला दोष देण्याचेही नाही. ते काम सार्वजनिक संस्थांचे आहे. जिल्हा नियोजन समितीने येत्या उन्हाळ्याच्या आत तिन्ही खात्यांकडून विश्रामगृहांची यादी, प्रत्येकातल्या खोल्यांची संख्या आणि गेल्या वर्षभरात त्या खोल्या किती रात्री वापरात होत्या याचा तपशील मागवून जाहीर करावा. नोंदवह्या प्रत्येक विश्रामगृहात असतातच, त्यामुळे त्यासाठी वेगळी समिती नेमण्याची गरज नाही. तो तपशील लोकांसमोर आला की पहिल्या टप्प्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी आणि पन्हाळा या चार तालुक्यांत किती घरांची सोय लगेच होऊ शकते हे स्पष्ट होईल, आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी आरक्षणाची खिडकी उघडता येईल.